काहीच न घडलेल्या तैनातीच्या आठवणी कशा लिहाव्यात

कपाट आवरताना भाच्याच्या हाती एक डबी लागली. आत ऑपरेशन पराक्रमचं पदक.

"मामा, हे कशाचं?"

"२००२ सालचं. पाकिस्तानशी तणाव होता, आमचं जहाज अरबी समुद्रात होतं."

"मग? काय झालं?"

"काही नाही. शत्रूवर एक गोळीसुद्धा झाडली नाही."

त्याने डबी बंद केली आणि मोबाइल हातात घेतला. त्याचं काही चुकलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागेना. सात महिने काहीच घडलं नाही, हे खरं. आणि त्या सात महिन्यांतला एकही दिवस मी विसरलेलो नाही, हेही खरं. ह्या दोन गोष्टी एका वहीत कशा बसवायच्या?

वही पुरी व्हायला दोन वर्षं लागली, त्यातलं पहिलं वर्ष फुकट गेलं. आता आमच्या दांडिया बाजारातले दोघं-तिघं माजी सैनिक आणि एकाची मुलगी विचारायला येतात की तुम्ही कसं लिहिलंत, आम्हाला जमेल का. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आधी माझी ओळख. आमचं घराणं गायकवाडांच्या नोकरीपायी बडोद्यात आलं आणि इथलंच झालं. बडोद्यात पाणी म्हणजे सूरसागर आणि विश्वामित्री, आणि विश्वामित्रीत मगरी. समुद्र औषधालाही नाही. तरी मी १९८८ साली नौदलात भरती झालो. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर सुरुवातीचं प्रशिक्षण झालं, मग लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं काम शिकलो आणि तिथून थेट बॉयलर रूममध्ये गेलो. कागदावर आमच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, बोलण्यात आम्ही स्टोकर. निवृत्तीनंतर नंदेसरीच्या एका कारखान्यात लागलो, तेही बॉयलरवरच. म्हणजे लेखक वगैरे मी नाही. तुम्हीही नसाल तर उत्तमच.

पहिल्या वर्षी काय चुकलं

मी सुरुवातच अशी केली: "१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर अतिरेकी हल्ला झाला व त्यानंतर भारत सरकारने सीमेवर सैन्य हलवले." चाळीस पानं याच सुरात. कोणत्या देशाने काय इशारा दिला, कोण काय बोललं, सगळं. मोठ्या हौसेने बायकोला वाचायला दिलं. तिने भाजी निवडत निवडत सहा पानं वाचली आणि म्हणाली, "अहो, हे तर पेपरात आलं होतं. ह्यात तुम्ही कुठे आहात?"

ती चाळीस पानं मी फाडली नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूचा लिहायला उपयोग झाला.

तेव्हा पहिली गोष्ट ही. देशाचा इतिहास लिहायला तुम्हाला कोणी बसवलेलं नाही. तो लागतो, पण भिंतीत सळई असते तेवढाच. माझ्या वहीत पूर्ण राजकारण सात ओळींत आहे. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला. डिसेंबरअखेरीस आम्ही बंदर सोडलं. १४ मे २००२ ला जम्मूजवळ कालुचकला लष्कराच्या वसाहतीवर हल्ला झाला आणि तणाव शिगेला पोचला. मेच्या उत्तरार्धात पूर्वेच्या ताफ्यातली पाच जहाजं अरबी समुद्रात आली. जूनमध्ये जहाजं मागे बोलावायला सुरुवात झाली. जमिनीवरचं सैन्य मागे घेण्याची घोषणा व्हायला ऑक्टोबर उजाडला. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे, ग्रंथालयात बसून तपासता येतं. बडोदेकरांना तर सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याच्या काचेच्या फरशा बघायला म्हणून तरी एकदा जाऊन या.

तारखा तपासायच्या कशासाठी, त्याचं उदाहरण माझंच. मला पक्कं आठवत होतं की पूर्वेकडची जहाजं प्रथम दिसली तेव्हा थंडी होती आणि मी निळी जर्सी घालून डेकवर उभा होतो. चित्र डोळ्यांसमोर स्वच्छ. वर्तमानपत्रं म्हणतात मे महिना. मे महिन्यात अरबी समुद्रावर जर्सी घालणारा माणूस एक तर आजारी असेल नाहीतर वेडा. आधी मी ती जर्सी खोडून टाकली. मग दोन दिवसांनी लक्षात आलं की जर्सी खरी आहे, फक्त दिवस दुसरा आहे. जानेवारीतली पहाट होती, आमच्या शेजारून तेलाचं टँकर जहाज चालत होतं, दोघांमध्ये दोर आणि तेलाचा जाड पाइप लटकत होता. चालत्या जहाजातून चालत्या जहाजात तेल भरतात, त्याला आम्ही रॅस म्हणतो. त्या पहाटे मी दोराला होतो आणि बोटं गारठली होती. अशी विसंगती सापडली तर आठवण फेकू नका. ती कुठल्या दिवसाची आहे ते शोधा. बहुतेक वेळा एका चुकीतून दोन आठवणी निघतात.

आधी सामान गोळा करा

लिहायला बसण्याआधी निदान महिनाभर नुसतं गोळा करा. डिस्चार्जचे कागद, बदल्यांच्या तारखा, फोटो, जुनी बँक पासबुकं. आणि पत्रं. आमची पत्रं 'केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' ह्या पत्त्यावर यायची. जहाज कुठे आहे ते घरच्यांना माहीत नसायचं, ते मेल ऑफिसला माहीत. पंधरा-पंधरा दिवस काही नाही आणि मग एकदम सहा इनलँड, तीही उलटसुलट. म्हणून आमच्या हिने पत्रांवर नंबर घालायला सुरुवात केली होती. नऊ नंबरचं पत्र अकराच्या नंतर आलं. अकरामध्ये लिहिलं होतं, "आता आईंचा ताप उतरला आहे, काळजी नको." ताप कधी चढला ते नऊमध्ये. पत्रं लावताना शिक्क्याची तारीख बघू नका, लिहिल्याची तारीख बघा. आणि तुमच्या हातात कोणत्या क्रमाने पडली तेही आठवत असेल तर बाजूला टिपून ठेवा, कारण तुम्ही जगलात ते त्या क्रमाने.

पण सगळ्यात मोठं घबाड मला पत्रांत सापडलं नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पितळी भांडी आहेत, त्यांच्या खाली २००२ सालचं कालनिर्णय अंथरलेलं होतं. ऑगस्टचं पान गायब, बाकी सगळं शाबूत. आपल्याकडे कालनिर्णयवर बायका काय काय लिहितात ते सांगायला नको. रोजच्या चौकटीत "दू. १", म्हणजे दूध एक लिटर. सिलिंडर आला की "गॅस". माझं पत्र आलं की "प." आणि आकडा. आईंच्या गोळ्या संपल्या की एक छोटा गोल. आणि २८ फेब्रुवारीपासून पुढे चौकटीत फुल्या. दूध नाही. चार-पाच दिवसांनी एका चौकटीत "दू. अर्धा, २ तास सूट".

लिहून ठेवलेलं काही नसलं तरी घरात असा काहीतरी कागद असतोच. किराण्याची वही, गॅसचं कार्ड, मुलांचे प्रगतिपुस्तक. रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोचा.

घरातली बाजू घरच्यांकडून घ्या

आता त्या फुल्यांबद्दल. हा भाग लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तैनातीच्या आठवणी म्हटल्या की माणूस समुद्रावर आणि काळजी घरी, असंच लिहिण्याची सवय असते. आमचं उलटं झालं. २७ फेब्रुवारीला गोध्र्याला साबरमती एक्स्प्रेसचा डबा जळाला. गोध्रा आमच्यापासून ऐंशी किलोमीटर. पाठोपाठ गुजरातभर दंगल उसळली, बडोद्यात कर्फ्यू लागला, माणसं मारली गेली. मी समुद्रात, अंगावर एक ओरखडा नाही, दोन वेळचं गरम जेवण. आणि युद्धासाठी सज्ज असलेल्या त्या जहाजावर मी रात्री मागच्या डेकवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बडोद्याचं नाव येतंय का ते ऐकतोय. लोखंडी जहाजात खाली रेडिओ लागत नाही, वर यावं लागतं. खरखरीतून "वडोदरा" एवढं ऐकू यायचं, पुढचं वाऱ्यात.

साधारण आठवड्याने तेल आणि भाजीपाल्यासाठी मुंबईला लागलो. नौदल गोदीच्या लायन गेटच्या बाहेर एसटीडी बूथ होता, तिथे रांग. माझ्या पुढे आमच्याच जहाजावरचा भरूचचा एक मुलगा, सिग्नल खात्यातला, मुसलमान. त्याचा फोन आधी लागला. बाहेर आला, म्हणाला, "सब ठीक." मग मी आत गेलो. घरचा फोन बंद, शेजाऱ्यांकडे लावला, त्यांनी हिला गॅलरीतून हाक मारली. ही म्हणाली, "दूध मिळत नाही तेवढंच, बाकी ठीक आहे. तुमच्याकडे काय?" मी म्हणालो, "आमच्याकडेही ठीक." बाहेर येऊन त्याला सांगितलं, सब ठीक. दोघांनी टपरीवर चहा घेतला. तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही.

हे मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एवढंच लिहिलं होतं. मग हिला म्हणालो, तुझी बाजू सांग. तिने सांगितलं की ती फोनवर बोलत होती तेव्हा शेजाऱ्यांच्या घरात नऊ माणसं जमलेली होती, कारण गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांतून लोक आत सरकले होते. मला हे एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आणि भरूचच्या त्या मित्रालाही फोन केला, विचारलं की हे लिहू का. तो म्हणाला, लिही, नाव नको. थोडा वेळ थांबून म्हणाला, "और ये भी लिख देना कि उस दिन सब ठीक नहीं था." त्याच्या काकांचं दुकान तोपर्यंत गेलं होतं.

म्हणून सांगतो, घरच्यांना विचारताना तीन गोष्टी पाळा. वेगळं बसून विचारा, चारचौघांत नको. ते सांगत असताना मध्येच "नाही नाही, तेव्हा असं होतं" म्हणू नका, तुम्ही तिथे नव्हता. आणि ते जे शब्द वापरतील तेच वहीत उतरवा. माझ्या पुण्याच्या मावसभावाने हस्तलिखित तपासताना हिच्या बोलण्यातली दुधाची "थैली" कापून "पिशवी" केली होती. मी पुन्हा थैली केली. बडोद्यात थैलीच म्हणतात.

शरीरापासून सुरू करा

"वातावरण तणावपूर्ण होते", "मनात देशभक्तीची भावना होती" अशी वाक्यं पाच मिनिटांत सुचतात. ती सुचतात तितक्या सहज वाचणारा विसरतो. त्यापेक्षा असं विचारा: अंगाला काय लागत होतं? नाकात वास कसला? झोप किती, कुठे?

माझं उत्तर: पाणी. आमचं जहाज वाफेवर चालणारं. समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी करायचं, आणि त्या पाण्यावर पहिला हक्क बॉयलरचा. मग स्वयंपाकघर, ज्याला आम्ही गॅली म्हणतो. उरलं तर आम्ही. वेग वाढवायचा हुकूम आला की बॉयलर जास्त पाणी पितो, म्हणजे आमच्या अंघोळीला कात्री. वर कोणाला डावपेच कळत असतील ते असोत, आम्हाला तणाव नळावर कळायचा. नळ सकाळी अर्धाच तास सुटला की ओळखायचं, काहीतरी आहे.

बॉयलर रूममध्ये पन्नास अंशांच्या आसपास उष्णता. छतातून हवेचा झोत सोडणारं एक फिरतं तोंड असतं, त्याला पंखा लूव्हर म्हणतात, इंग्रजांनी आपल्याच पंख्याचं नाव दिलेलं. त्याच्याखालची दोन फूट जागा म्हणजे आमचं महाबळेश्वर. वॉचमध्ये, म्हणजे चार तासांच्या पाळीत, पाच माणसं, झोत एक. पाळीपाळीने उभं राहायचं. पण नजर गेज ग्लासवर, काचेच्या नळीत बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दिसते ती. पाणी फार खाली गेलं तर नळ्या जळतात, फार वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये घुसतं. चार तास त्या बोटभर काचेकडे बघायचं. लिंबू-मीठ घातलेलं पाणी प्यायचं, ते घाम होऊन बाहेर यायचं, ओव्हरऑलवर वाळून पांढऱ्या रेघा उमटायच्या.

आणि भीती? ती होती. बॉयलर रूम पाण्याच्या पातळीच्या खाली असते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी गेले. ही गोष्ट प्रशिक्षणात प्रत्येकाला सांगतात. बाकीचे कॅप्टन मुल्लांबद्दल ऐकतात. स्टोकर ऐकतो ते एवढंच की खाली होते त्यांचं काय झालं असेल. आमच्या शिडीला वर बाहेर पडायच्या हॅचपर्यंत चौदा पायऱ्या होत्या. मी त्या डोळे मिटून चढायची सवय केली होती, दिवे गेले तर म्हणून. अजूनही घरात वीज गेली की माझे पाय कोणत्याही जिन्याच्या पायऱ्या मोजतात. वहीत मी "भीती" हा शब्द लिहिला नाही, चौदा पायऱ्या लिहिल्या. हिने तेवढं वाचलं आणि उठून देवापाशी दिवा लावून आली.

तुम्ही लष्करात असाल तर तुमच्या पायऱ्या वेगळ्या असतील. शोधा.

वॉचच्या घड्याळावर एक दिवस लिहा

काही घडलं नाही तर लिहायचं काय, ह्याला माझ्याकडे एकच उपाय आहे. एक साधा दिवस उचला आणि तासातासाने लिहा. जहाजावर त्यासाठी चौकट तयारच असते. मध्यरात्र ते पहाटे चार मिडल वॉच, चार ते आठ मॉर्निंग, मग फोरनून, आफ्टरनून, संध्याकाळी चार ते सहा आणि सहा ते आठ असे दोन डॉग वॉच, आणि आठ ते बारा फर्स्ट वॉच. डॉग वॉच दोन-दोन तासांचे असतात ते मुद्दाम, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला मिडल येत नाही. प्रत्येक वॉचला एक पान. काय खाल्लं, कोण घोरत होतं, कोणाची पैज लागली, पाईप काय झाला. पाईप म्हणजे जहाजभर लाऊडस्पीकरवरून होणारी सूचना.

बझसुद्धा लिहा. बझ म्हणजे मेसमधल्या, आमच्या राहण्या-झोपण्याच्या जागेतल्या, अफवा. "परवा कराची", "नाही, उद्या मुंबई, मग महिनाभर सुट्टी", "कुकने जास्त बटाटे चढवलेत म्हणजे लांबचा पल्ला आहे". ह्यातली एकही खरी ठरली नाही, पण दिवस त्यांच्यावर चालत होते. फक्त अफवा ही अफवा म्हणूनच लिहा, वीस वर्षांनी तिची बातमी करू नका. हे फार जणांकडून होतं, आमच्या एका ओळखीच्यांनी तर दर गणपतीत स्वतःला कराचीच्या दोन मैल जवळ नेलं आहे.

आठवत नसेल तर चित्र काढा. मी आलेखाच्या कागदावर आमच्या मेसचा नकाशा काढला. तीन मजली बंक, लॉकर, टेबल, दार. काढता काढता वरच्या बंकवरचा माणूस आठवला, त्याच्या पायाचा वास आठवला, आणि माझ्या लॉकरमधली लीलो, म्हणजे ओलसर, चिवड्याची पिशवी आठवली, जी घरून निघताना आईने दिली होती आणि जिचा फडशा मेसने दहा दिवसांत पाडला होता. सातारचा कुक म्हणाला होता, "बडोदेकर, हा चिवडा का भाजी?"

जे लोक पुन्हा विचारतात, ते मोठं करा

माझ्या पहिल्या खर्ड्यात ही ओळ होती: "एप्रिलमध्ये एका रात्री एका संशयास्पद नौकेला हटकण्यात आले." बस. ही वाचून भाचा म्हणाला, "संशयास्पद म्हणजे?" मग मी त्याला तोंडी सांगितलं. तो मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता. त्या ओळीच्या जागी आता वहीत हे आहे:

"डार्कन शिप होतं. बाहेर एकही दिवा दिसू द्यायचा नाही, आत लाल बल्ब. मी फर्स्ट वॉच संपवून बंकवर पडलो होतो तेवढ्यात पाईप झाला: गुजराती जाननेवाला कोई हो तो ब्रिजपर रिपोर्ट करे. आमच्या मेसमधली सगळी माझ्याकडे बघायला लागली. तसाच ओव्हरऑल चढवून वर गेलो. स्टोकर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, सहसा जात नाही. अंधारात धडपडलो, कोणीतरी दंड धरून उभं केलं. समोर सर्चलाइटच्या प्रकाशात एक मासेमारीची होडी, वर सहा-सात माणसं, डोळ्यांवर हात धरून. ऑफिसर म्हणाले, इनको बोलो यहाँ से निकलें. हातात लाऊडहेलर दिला.

मी ओरडलो, 'काका, अहींथी पाछा वळो!'

होडीतून आवाज आला, 'तमे क्यांना?'

हटकणाऱ्याला गाव विचारतात ते आपल्याकडेच. मी म्हणालो, 'वडोदराना.'

थोडा वेळ शांतता. मग, 'वडोदरामां दरियो क्यां छे?'

होडीवर हसले. ब्रिजवरचे मला विचारायला लागले, क्या बोला, क्या बोला. मी सांगितलं नाही. मग तोच म्हातारा आवाज, ह्या वेळी न हसता, 'भाई, लडाई थवानी छे?'

मी ऑफिसरना म्हणालो, सर, पूछ रहे हैं लडाई होगी क्या. ऑफिसर काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, बोलो घर जाएँ.

मी लाऊडहेलर तोंडाला लावला आणि म्हणालो, 'काका, घेर जाओ.'

त्यांचं इंजिन टकटक करत सुरू झालं. सर्चलाइट विझला. मला खाली जायला सांगितलं. जिन्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं."

ह्यात शत्रू नाही, गोळी नाही. पण घरी कोणी आलं की हाच भाग वाचून दाखवा म्हणतात. तुमच्याही आठवणींत अशी एखादी चेपलेली ओळ असेल. ती तुम्हाला दिसणार नाही. दुसऱ्याला वाचायला द्या आणि तो कुठे थांबून "म्हणजे?" विचारतो तिथे पेन्सिलने खूण करा.

काय लिहायचं नाही

हे थोडक्यात, पण ह्यात सूट नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट निवृत्तीबरोबर सुटत नाही. जहाज नेमकं कुठे होतं, शस्त्रांची क्षमता, संदेशांची पद्धत, हुकमांचा मजकूर, यातलं काही लिहू नका. मी जहाजाचं नावही लिहिलेलं नाही, ते खरं तर लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण त्याने गोष्टीत काही भरही पडत नव्हती. जे त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं तेवढं घ्या. शंका आली की ओळ काढा. वरच्या उताऱ्यातून समुद्रातली जागा काढली, काही बिघडलं का?

सोबत्यांची नावंही नकोत, विचारल्याशिवाय तर नकोतच. सातारचा कुक, भरूचचा सिग्नलवाला, एवढं पुरतं. आणि कोणावरचा जुना राग वहीत काढू नका. माझी एक सुट्टी नाकारली गेली होती, त्यावर मी अडीच पानं लिहिली होती. ती पानं मात्र फाडली.

मुलांनी लिहून घ्यायचं असेल तर

वडील स्वतः लिहिणार नसतील तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा. चहानंतर, वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. "काय झालं होतं?" हा प्रश्न विचारायचा नाही, त्यांचं उत्तर "काही नाही" हेच येणार. त्यापेक्षा विचारा: लॉकरमध्ये काय काय होतं? सकाळी पहिलं काय करायचात? पगार घरी कसा पाठवायचात? नकाशा समोर ठेवा, बोट आपोआप फिरायला लागतं. १९७१ मध्ये असलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर ह्याच रविवारी बसा, दिवाळीची वाट बघू नका.

छपाई आणि जपणूक

इनलँड पत्रांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडून अक्षरासकट निघते. आधी स्कॅन करा, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. निळ्या कागदावरची फिकट शाई स्कॅनमध्ये गडद करता येते, झेरॉक्सवाल्याला सांगा, मात्र मूळ पत्र त्याच्याकडे रात्रभर ठेवू नका. मी विद्यापीठाजवळच्या दुकानात पाच प्रती स्पायरल करून घेतल्या. एक भाच्याला, एक भरूचला, एक सातारला, दोन घरात.

मुखपृष्ठावर जहाजाचा फोटो टाकायचा असं सगळे म्हणत होते. मी कालनिर्णयच्या जुलैच्या पानाचा टाकला. पावसाळी समुद्रातून परतल्यावर सुट्टी मिळाली, मुंबई सेंट्रलहून रात्रीची वडोदरा एक्स्प्रेस पकडली आणि पहाटे घरी पोचलो, तो दिवस त्यात आहे. त्या चौकटीत हिच्या अक्षरात लिहिलंय: "हे आले. दू. दीड."